एकच व्यायामाचा कागद आणि दोन वेगळ्या कमरा: पुढे वाकायचं की मागे?

सांजवात:
घरात दोघांना कमरेचा त्रास आहे आणि दोघांच्या हातात एकाच नमुन्याचा झेरॉक्स कागद आला आहे, म्हणून विचारते.

दीर, वय 43. दिवसभर खुर्चीवरचं काम, रोज 40 मिनिटं बाइक. पाच आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने कळ जाते. बसलं की वाढते, चालताना बरी असते. सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुणं सगळ्यात कठीण. एमआरआयमध्ये एल4-एल5 ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी बाहेर आली आहे आणि नसेला लागते आहे असं लिहिलंय.

सासरे, वय 71. कंबर फारशी दुखत नाही, पण दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात. कट्ट्यावर बसलं की दोन मिनिटांत मोकळ्या. त्यांच्या एमआरआयमध्ये मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं आहे.

कागदावर पवनमुक्तासन, भुजंगासन, सेतुबंध, पाय लांब करून अंगठे धरणं वगैरे आठ व्यायाम आहेत. प्रत्येक 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. शिवाय दहा दिवस शेक आणि ट्रॅक्शन (कमरेला ताण देऊन खेचणं) झालं. दिरांची कळ आता मांडीवरून घोट्यापर्यंत उतरली आहे. हे असंच चालू ठेवायचं का?

उंबरठा:
व्यायामाचं बोलण्याआधी दोन गोष्टी आजच बघा.

दिरांना दहा पावलं टाचांवर आणि दहा पावलं चवड्यांवर चालायला लावा. मग झोपवून दोन्ही पायांचे अंगठे वर ओढायला सांगा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा. उजवा अंगठा सहज खाली गेला किंवा टाचेवर चालताना पाऊल खाली पडलं, तर नसेची ताकद कमी होते आहे. मग कागद बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जायचं.

आणि ही लक्षणं दोघांसाठी: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, कूस बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल, तर मणक्याचा टीबी आणि इतर कारणं आधी तपासायची. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, बरेच महिने स्टेरॉइड चालू असतील किंवा नुकतंच पडणं झालं असेल, तरीही आधी तपासणी.

कणखर:
उंबरठा यांनी लिहिलेल्यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

दिरांचा तो कागद आजपासून बंद. व्यायाम वाईट आहेत असं नाही, पण त्यातले निम्मे एका दिशेचे आणि निम्मे उलट दिशेचे आहेत. आपली दिशा कुठली हे दुखण्याची जागा सांगते. नियम साधा आहे: हालचालीनंतर कळ पायातून वर, कमरेच्या मध्याकडे सरकली तर ती दिशा बरोबर. खाली पावलाकडे उतरली तर चूक. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी 1950 च्या दशकात हे हेरलं आणि त्यावर तपासणीची पद्धत उभी केली. यात फसगत अशी होते की कळ वर सरकताना मधली कंबर थोडी जास्त दुखू शकते. लोक तिथे घाबरून सोडून देतात. पोटरी मोकळी होऊन कंबर दुखणं ही प्रगती आहे. कंबर हलकी वाटून पाऊल दुखू लागणं ही अधोगती.

ज्यांना बसल्याने आणि वाकल्याने वाढतं, चालल्याने कमी होतं, त्यांची दिशा बहुधा मागची असते. असं तपासा:

पालथं झोपा, डोकं एका कुशीला, 2-3 मिनिटं. दुखणं वाढून पायात उतरत असेल तर पोटाखाली एक उशी घ्या आणि थोड्या वेळाने काढा. मग कोपरांवर या, पुस्तक वाचतो तसे, 2-3 मिनिटं. हे जमलं तर हात खांद्यांखाली ठेवून छाती वर ढकला आणि लगेच खाली या. असं 10 वेळा. दर दोन तासांनी, दिवसातून सहा-सात वेळा.

हे भुजंगासनासारखं दिसतं पण तसं नाही. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात. इथे सगळं काम हातांचं, कंबर आणि कुल्ले पूर्ण सैल. कुल्ले घट्ट आवळले तर कंबर वाकतच नाही आणि मग 'करून बघितलं, उपयोग नाही' असं होतं. ओटीपोट चटईला टेकलेलं राहू दे, दोन बोटं उचललं गेलं तर चालेल. मान मागे टाकू नका. गादीवर करू नका, मधला भाग खचतो. दहाव्या वेळेला वर असताना श्वास पूर्ण सोडा, कंबर आपोआप आणखी खाली बसते.

दोन दिवसांत कळ वर सरकताना दिसली पाहिजे. उलट खाली उतरली तर थांबा. दीर उभे राहिल्यावर धड एका बाजूला कललेलं दिसतं का तेही बघा. शर्ट काढून मागून बघितलं की लगेच कळतं. तसं असेल तर आधी ती बाजू सरळ करावी लागते, नुसतं मागे वाकून लागू पडत नाही आणि कधी वाढतंही. ते फिजिओकडून समोरासमोर शिका.

अंगठे धरण्याबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे, कारण हा व्यायाम जवळजवळ प्रत्येक कागदावर असतो. सायटिकामध्ये, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात, मांडीमागे जे ताणलं गेल्यासारखं वाटतं, तो बहुतेक वेळा स्नायू नसतो, चिडलेली नस असते. तिला दोन्ही बाजूंनी खेचून 30 सेकंद धरून ठेवलं की ती आणखी चिडते. कळ घोट्यापर्यंत उतरायला हे एकटंच पुरेसं आहे. पायातली कळ शमेपर्यंत हा ताण नकोच.

सांजवात:
ताकद तपासली, दोन्ही अंगठे सारखे आहेत, कलही नाही. काल चार वेळा केलं. पोटरी थोडी हलकी वाटते म्हणाले, पण संध्याकाळी बाइकवरून आले आणि पुन्हा जैसे थे. ट्रॅक्शनचे अजून पाच दिवस राहिलेत, पट्टाही दिवसभर लावतात. आणि सासऱ्यांचं?

माळरान:
सासऱ्यांचं चित्र नेमकं उलटं आहे. उभं राहिलं, मागे वाकलं की आधीच अरुंद झालेली नळी आणखी आवळते. बसलं, पुढे वाकलं की ती थोडी उघडते. म्हणून चालताना पाय भरतात आणि कट्ट्यावर बसून मोकळे होतात. भाजी मंडईत ढकलगाडीवर रेलून ते जास्त लांब जाऊ शकतील, तीही याचीच खूण. त्यांना दर दोन तासांनी पालथं झोपवून मागे वाकवलं तर त्रास वाढेल.

एक खात्री करून घ्या. चालताना पोटऱ्या भरणं पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानेही होतं. त्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं लागत नाही आणि सायकल चालवतानाही पोटरी भरते. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांकडून पावलाची नाडी बघून घ्याच. हाडं ठिसूळ झाली आहेत का तेही विचारा. तसं असेल तर बसून पुढे वाकायचे व्यायाम टाळायचे, पुढच्या बाजूने मणका दबण्याची भीती असते.

हाडं ठीक असतील तर: पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही हळूच धरून 5 सेकंद. 10 वेळा, दिवसातून तीनदा. दिवसातून दोन-तीनदा खुर्चीत पाय फाकवून बसायचं आणि हात घोट्यांकडे नेत सावकाश वाकायचं, 5-6 वेळा. उठताना हात मांडीवर टेकून उठायचं.

चालणं बंद करू नका, तुकडे करा. दहा मिनिटांना पाय भरतात ना? मग सहा मिनिटं चाला, पाय भरायच्या आधीच बसा, दोन मिनिटांनी पुन्हा सहा. असे चार तुकडे. दर आठवड्याला प्रत्येक तुकड्यात एक मिनिट वाढवा. पाय पूर्ण भरेपर्यंत रेटत राहिलं तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायचाच धीर होत नाही, आणि मांड्यांची ताकद पटापट उतरते. एका जागेची सायकल मिळाली तर फार उत्तम, कारण त्यावर आपण जरा पुढे झुकलेलेच असतो. 10 मिनिटांपासून सुरू करा. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, 8 वेळा, तीन फेऱ्या. नळी व्यायामाने रुंद होत नाही, पण पायांत ताकद असेल तर तेवढ्याच नळीत माणूस जास्त चालू शकतो.

कणखर:
ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, करंटचा शेक: ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखी आणि सायटिकासाठी हे देऊ नका असंच म्हटलं आहे, पट्टाही त्यात आला. मसाज किंवा हातांनी केलेले उपचार चालतील, पण व्यायामाच्या जोडीनेच. घरची गरम पाण्याची पिशवी 15-20 मिनिटं घ्या, बरं वाटतं, स्नायू सैल होतात. त्याने गादी जागेवर जात नाही एवढं लक्षात असू द्या. पट्टा लांबच्या प्रवासापुरता. उरलेले पाच दिवस व्यायाम शिकवून घेण्यात घालवा, तुमचे पैसे तिथे कारणी लागतील.

एमआरआयच्या शब्दांनी दीर धास्तावले असतील तर त्यांना हे वाचून दाखवा: काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र करून 2015 मध्ये आढावा घेतला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती. बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतोही.

आता बाइक. दिवसभराची कमाई तिथे जाते आहे. बसताना कंबर मागे गोल होते आणि वर रस्त्याचे दणके. तीन आठवडे बस किंवा रिक्षा जमली तर बघा. नाही जमली तर स्पीडब्रेकर आला की पावलांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठायचं. टायरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त हवा नको. ऑफिसात कमरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल, आणि दर 30 मिनिटांनी उठून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. दोन तासांनी पालथं झोपायला जागा नसेल तिथे हेच कामाला येतं.

सकाळचा बेसिन: रात्रभर झोपेत गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावरचा पहिला तास वाकायला सर्वात वाईट. एक हात बेसिनच्या काठावर, एक पाय पुढे, गुडघे जरा मोडून तोंड धुवा. बुटांची नाडी पाय स्टुलावर ठेवून बांधा. जेवायला खाली बसायचं असेल तर कुल्ल्यांखाली वीतभर उंच पाट आणि उशी घ्या, खुबे गुडघ्यांपेक्षा वर राहिले की कंबर गोल होत नाही. काही आठवडे कमोड वापरा. शिंक आली तर भिंतीला हात टेकून छाती वर ठेवून शिंका, वाकून नको.

पारंबी:
कळ गुडघ्याच्या वर गेली आणि तिथेच राहिली की ताकदीचं काम सुरू करा. इथे बहुतेक जण चुकतात. दुखणं थांबलं की व्यायामही थांबतो, आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम दिरांना बसतील, कारण यात कमरेवर भार कमी येतो. एक: पाठीवर, एक गुडघा मोडलेला, दोन्ही तळवे कमरेच्या खळग्याखाली, डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. पूर्ण उठून बसायचं नाही. दोन: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर भार घेऊन खुबा उचलायचा. तीन: हात-गुडघ्यांवर रांगायच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. तिसऱ्यात कमरेवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये, इतकी कंबर स्थिर हवी. पाय कुल्ल्याच्या वर गेला की कंबर आत खचते, म्हणून टाच भिंतीकडे ढकलायची, छताकडे नाही.

प्रत्येक वेळी 8-10 सेकंद धरा, श्वास चालू. आधी 6 वेळा, जरा थांबून 4, मग 2. पुढच्या आठवड्यात वेळा वाढवा, सेकंद नाही. मिनिटभर थरथरत धरून ठेवल्याने स्नायू दमतात आणि कंबर खचते.

तीन-चार आठवड्यांनी उचलणं शिका. झाडूची काठी पाठीला उभी लावा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. काठी कुठेही न सुटता कुल्ले मागे नेत वाका. हे जमलं की 5 लिटरचा पाण्याचा कॅन स्टुलावरून उचला, 8 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. मग स्टूल काढून जमिनीवरून. मग अर्धी बादली, आठ-दहा किलो. भरलेली बादली अडीच-तीन महिन्यांनी.

दुखणं किती चालेल? दहापैकी तीनपर्यंत, आणि 24 तासांत मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर वजन एक तृतीयांश कमी करा, व्यायाम सोडू नका.

आणि चालणं. ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांवरचा प्रयोग 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्या लोकांना फिजिओच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस, 30 मिनिटं चालण्यापर्यंत नेलं. त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला 208 दिवस लागले, बाकीच्या गटातल्या निम्म्यांचं 112 दिवसांतच परतलं.

सांजवात:
एक शेवटचं. दीर विचारताहेत, सूर्यनमस्कार कधीपासून? आधी रोज 12 घालायचे.

कणखर:
पायात कळ उरली नाही, आणि पाठीवर झोपून उजवा पाय सरळ डाव्याइतकाच वर जातो, असे दोन आठवडे गेले की. सकाळी उठल्या उठल्या नको, तासाभराने किंवा संध्याकाळी. सुरुवातीला 2, पुढे वाकताना गुडघे मोडून आणि हात जमिनीऐवजी खुर्चीच्या सीटवर. दर चार दिवसांनी एक वाढवा. खुर्ची काढल्यावर कळ पुन्हा पायात आली, तर खुर्ची परत आणा आणि आठवडाभर पालथं झोपून वर ढकलण्याचे 10-10 सुरू करा.