मदत हवी आहे: अपघाताच्या क्लेममध्ये वकिलांची फी टक्क्यांवर असते का?

वाईची_ताई

माझा धाकटा भाऊ (वय ३४, पगार २२ हजार) जूनमध्ये शिरवळहून सेकंड शिफ्ट संपवून बाइकवर घरी येत होता. मागून टेम्पोने उडवलं. मांडीत रॉड आहे, अजून वॉकर सुटलेला नाही. हॉस्पिटलचं बिल ३ लाख ४० हजार, त्यातले निम्मे उसने. एफआयआर, पंचनामा झालाय, टेम्पोचा इन्शुरन्सही चालू होता.

भाऊ ॲडमिट असतानाच एक गृहस्थ वकिलांचं कार्ड ठेवून गेले होते. परवा त्या वकिलांकडे गेलो. "ताई, आत्ता एक रुपया देऊ नका. निकाल लागला की २० टक्के." ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांच्या क्लार्कने वकीलपत्र पुढे सरकवलं आणि सोबत दोन कोरे चेक मागितले, सह्या करून. "सगळ्यांचेच घेतो" म्हणाला. भावाने पेन उचललंसुद्धा होतं. चेकबुक घरी राहिलं असं सांगून मी त्याला उठवलं. (ते माझ्या पर्समध्येच होतं.)

इथले दुसरे एक वकील ३० हजार मागतात, टायपिंग-झेरॉक्स वेगळं. तेवढे आज हातात नाहीत. न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो, तिकडे सर्रास एक तृतीयांश घेतात, २० टक्के म्हणजे स्वस्तच. काय करू?

कृष्णाकाठ

ताई, चेक दिले नाहीत ते फार बरं केलंत.

आतेभावाचं खरं आहे, पण ते तिकडचं. अमेरिकेत अशा केसेस टक्क्यांवर घेणं कायदेशीर आहे. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा (वकिलांच्या शिखर संस्थेचा) विसावा नियमच आहे की वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य हे प्रकरण आलं, तेही अपघाताच्या क्लेममधूनच. नवरा अपघातात गेलेल्या बाईकडून वकिलाने फीपोटी चेक घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच केस टाकली. कोर्टाने ती केस रद्द केली आणि टक्केवारीची फी चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

आता २० टक्के कशाचे, ते बघा. समजा भावाच्या कामाच्या क्षमतेत २० टक्के घट धरली. वर्षाचा पगार २ लाख ६४ हजार, ३४ वयाला गुणक (वयानुसार पगाराला ज्याने गुणतात तो आकडा) १६, म्हणजे ४२ लाख २४ हजार. क्षमतेतल्या घटीपोटी त्याचे २० टक्के सुमारे ८ लाख ४५ हजार. त्यात हॉस्पिटलचं बिल मिळवलं की पावणेबारा लाखांच्या वर. (व्याज आणि इतर रकमा सोडून देतोय, आकडा नुसता अंदाजाचा.) वकिलांचा वाटा या सगळ्यावर. म्हणजे तुम्ही उसनवारी करून भरलेल्या बिलातूनच त्यांना ६८ हजार जाणार!

माणदेशी

नियम सगळ्यांना पाठ आहेत हो. आमच्या वडिलांची केस एका वकिलाने १५ टक्क्यांवर पाच वर्षं लढवली. डॉक्टरांना साक्षीला आणायचा खर्चसुद्धा त्याने खिशातून केला. आगाऊ पैसे मागितले असते तर आम्ही क्लेमच टाकला नसता. वाईट वकील आणि टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कृष्णाकाठ

@माणदेशी, तुमचा वकील भला होता, मान्य. पण त्यानेही कोरे चेक घेतले होते का?

माणदेशी

एक घेतला होता.

तारीख_पे_तारीख

कुणी अजून विधी सेवा प्राधिकरणाचं नाव कसं काढलं नाही? महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. भावाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे बसतो. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात ऑफिस आहे. पॅनेलवरचा वकील कसा मिळेल ते मात्र नशीब, हेही सांगून ठेवतो.

दुसरं, मुदत. २०२२ पासून क्लेम अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायचा असा नियम आहे. जूनचा अपघात, म्हणजे डिसेंबर. फीच्या घासाघिशीत ते महिने घालवू नका.

इथल्या वकिलांना पैसे टप्प्यांत मागा: थोडे दाखल करताना, थोडे साक्षीच्या वेळी, उरलेले युक्तिवादाला. कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती.

वाईची_ताई

सगळ्यांचे आभार. काल साताऱ्याला जाऊन आले. विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसातल्या बाई फार नीट बोलल्या, पण उत्पन्नाचा दाखला लागेल म्हणाल्या. तो सेतूत टाकलाय.

संध्याकाळी इथल्या वकिलांकडे गेले. टप्प्यांचं विचारल्यावर आधी हसले, मग १० हजारांवर दाखल करायला तयार झाले. बाकीचे २० साक्ष आणि युक्तिवादाच्या वेळी. पावती मागितली तेव्हा ड्रॉवरमध्ये बराच वेळ पावतीपुस्तक शोधत होते. सापडलं, पण पहिलं पान अजून कोरंच होतं. दाखला लवकर मिळाला नाही तर क्लेम त्यांच्याकडूनच टाकायचा, असं भावाशी बोलून ठरवलंय.

त्या पहिल्या वकिलांच्या क्लार्कचा आज तिसरा फोन. चेकबुक सापडलं का, विचारत होता.