तेंदूच्या पैशातून गोंडी शाळा: ग्रामसभेने हा भार उचलावा का?

रानवाट: गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यता नाही म्हणून नोटीसही आली. माझं म्हणणं असं की तेंदू (विडीची पानं) आणि बांबूच्या उत्पन्नातला काही हिस्सा ग्रामसभांनी कायम ठेवीत टाकावा आणि व्याज फक्त भाषा, गोटूल (गावाची एकत्र बसायची जागा) अन् आजारपणासाठी वापरावं. कुणापुढे हात पसरायला नको.

कोरडवाहू: व्याजावर शाळा? तेंदूचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातले मोजके दिवस. पहाटे रानात जायचं, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. त्या पैशात बियाणं, लग्नं आणि वर्षाची उधारी. अवकाळीने पान खराब झालं की संपलं. शिवाय मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला घटनेच्या 350क कलमाने राज्याला सांगितलंय. पुण्यातला बाप मराठी शाळेसाठी पानं तोडतो का? (तो मराठी शाळेत घालतच नाही, ते सोडा.)

निवृत्त_गुरुजी: माझ्या पहिलीच्या वर्गात मी पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं. एक मुलगी पटकन म्हणाली, ‘येर’. मी म्हटलं, ‘चूक. पाणी.’ दिवाळीपर्यंत ती वर्गात तोंड उघडून बोलली नाही. गोंडीत येर म्हणजे पाणीच. चूक माझी होती, हे कळायला मला चार वर्षं लागली. सरकारी पैशासोबत सरकारी पुस्तक येतं, हो. 2011 च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. वाट किती बघायची?

अंजू_नागपूर: पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालची गावं) 2015 पासून सरकारच्या आदिवासी उपयोजनेच्या निधीतले 5 टक्के थेट मिळतात, ते विसरलात? ते लावा शाळेला. घामाच्या पैशाला हात कशाला?

रानवाट: ताई, कागदावर ठराव ग्रामसभेचा असतो. आमच्याकडे आराखडा आधीच लिहून येतो: नाली, रस्ता, पुन्हा नाली. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज्य) म्हणायचं आणि अंगठा दाखवलेल्या जागी उठवायचा. तेंदूच्या पैशाचा हिशोब निदान गोटुलात बसून होतो, बायाही विचारतात.

कोरडवाहू: गुरुजी, तुमचं पटलं. पण ती मुलगी पाचवीनंतर कुठे जाणार? दाखला कोण देणार?

निवृत्त_गुरुजी: दाखल्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरडवाहू: मग रानवाट, ठेवीच्या पहिल्या व्याजातून आधी वकील करा.