अनुभव धागा: डेंटलला तुमचा हात कसा बसला?

माझी धाकटी बहीण यंदा बीडीएसच्या थर्ड इयरला गेली, म्हणजे क्लिनिकल पोस्टिंग सुरू, आणि पहिल्याच आठवड्यात घरी येऊन रडली. म्हणाली ताई, दोन वर्षं मेण आणि प्लास्टरमध्येच गेली, आता समोर खरा माणूस तोंड उघडून बसतोय आणि माझा हात थरथरतोय. मी ह्या लाईनची नाही, राजारामपुरीत अकाउंट्सचं काम करते, तिला काय सांगावं कळेना. कोल्हापुरात शिकलेले, शिकत असलेले, इथं प्रॅक्टिस करणारे, सगळ्यांनी लिहा. थिअरी नको, ती पुस्तकात आहे. हात कसा बसला ते सांगा.

*

मेणापासूनच सांगतो, कारण बहिणीला वाटतंय ती वर्षं वाया गेली, आणि तसं अजिबात नाही. आमचं घर हुपरीचं, चांदीचं काम, वडील पैंजणाचे बारीक सांधे जोडताना लहानपणापासून बघत आलोय. फर्स्ट इयरला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात, मला वाटलं हे तर घरचंच काम. तरी माझा सुळा पाच वेळा परत आला. शेवटी रविवारी घरी कोरत बसलो तर वडील बघून म्हणाले, "आरं, सगळा हात अधांतरी धरलायस. करंगळी आधी कुठंतरी टेकव, मग बाकीची बोटं मोकळी हुतील." वडील सातवी शिकलेले. सेकंड इयरला फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, सरांनी तंतोतंत हेच सांगितलं, त्याला फिंगर रेस्ट म्हणतात. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेतो, पेशंटनं नुसतं डोकं हलवलं आणि तुमचं बोट शेजारच्या दातावर टेकलेलं नसलं तर त्याचं फिरतं टोक, म्हणजे बर, सरळ गालात नाहीतर जिभेत. टेकलेलं असलं की डोकं हलेल तसा हात पण त्याच्याबरोबर हलतो. थरथर तिथंच निम्मी जाते, बहिणीला एवढं नक्की सांगा.

*

आरसा!! वरच्या दाढा आरशात बघून कराव्या लागतात आणि पुढं जायचं म्हटलं की हात मागं जातो. मी होस्टेलवर कागदावर छोटे चौकोन काढून आरशात बघत त्यांच्या आत रेघा मारायचे, रोज रात्री पंधरा मिनिटं. महिन्याभरात डोळा सरावला.

*

माझा ओरल सर्जरीतला पहिला ब्लॉक, म्हणजे नसेजवळ देऊन जबडा बधिर करायचं इंजेक्शन, त्याचं लिहिते, अजून जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. गडहिंग्लजकडच्या मावशी होत्या, खालची दाढ काढायची, पहाटेच्या एसटीनं आलेल्या. काही खाल्लंय का विचारलं तर म्हणे न्हाय, दात काढायचाय म्हणून उपाशीच आले. बीपी बघितलं, आधी कँटीनला पाठवलं, पोहे खाऊन आल्यावर खुर्चीत घेतलं. उपाशी पोटी इंजेक्शन दिलं की चक्कर येते, हे मला माझ्या पुढच्या रोल नंबरच्या पेशंटनं आदल्या दिवशी शिकवलं होतं.

ब्लॉकला नस डोळ्याला दिसत नाही, सगळं बोटावर. अंगठा जबड्याच्या खाचेत ठेवला, सिरिंज पलीकडच्या बाजूच्या उपदाढांवरून आणली, सुई आत. दोन-अडीच सेंटिमीटरवर हाड लागायला पाहिजे, आणि लागेचना. मला घाम फुटला. मॅडम मागंच उभ्या होत्या, ओरडल्या नाहीत काही नाही, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "जास्त मागं गेलीयेस. सुई पूर्ण काढू नको, थोडी मागं घे, सिरिंज दाढांकडं सरकव, आता परत जा." आणि टक्कन हाड लागलं. ते लागलेलं बोटाला कळतं, आणि एकदा कळलं की विसरत नाही. मग किंचित मागं घेऊन, रक्त येत नाही ना बघून, औषध अगदी सावकाश सोडलं. पाचेक मिनिटांनी मावशी खालच्या ओठाला हात लावून म्हणतात, "पोरी, अर्धा व्हट माझा न्हाईच बघ." मला एवढा आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. दाढ पुढं नीट निघाली. कापूस अर्धा तास घट्ट धरा, थुंकू नका, आज गरम चहा नको, सगळं ऐकलं, मिश्री बंद म्हटल्यावर मात्र गप्प झाल्या. तिथं कुठलंच इंजेक्शन चालत नाही, तिथं बसून बोलावंच लागतं.

*

कोट्याबद्दल पण कोणीतरी बोललं पाहिजे. इतकी स्केलिंग, म्हणजे दातांवरचा साचलेला थर काढणं, इतके दात काढलेले, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पेशंट आम्हीच शोधून आणायचे, कधी फी पण आपल्याच खिशातली. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी शाहू मार्केट यार्डातून एका हमाल मामांना स्केलिंगला घेऊन आलो, तर त्यांचं तोंड दोनच बोटं उघडलं, तीन तरी जायला पाहिजेत. गाल आतून पांढरट, चामड्यासारखा ताठ, बारा वर्षं गुटखा. स्केलिंग राहिलं बाजूला, त्यांना ओरल मेडिसिनला, म्हणजे तोंडाचे आजार तपासतात त्या विभागात, घेऊन गेलो. त्या दिवशी कोट्यात काहीच धरलं नाही. पण बोट गालावरून फिरवून आजार ओळखायला मी त्यांच्याकडून शिकलो, मामा अजून दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात.

*

कवळीचं मी सांगतो, गंगावेशीजवळ प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली. फायनल इयरला पन्हाळ्याच्या बाजूचे एक आजोबा मिळाले होते. माप, चावा, ट्रायल, पाच-सहा खेपा, दर वेळी धोतर-टोपीत वेळेच्या आधी हजर. बसवली त्या दिवशी मी खूश, दुसऱ्या दिवशी ते ओठ धरून आले. वरच्या ओठाच्या आत मध्यभागी जो पडदा असतो ना, तिथं मी खाच कमी ठेवली होती, कड घासून जखम झालेली. जरासंच घासलं, बोटानं गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिश केलं. आठवड्यानं आले ते पिशवीत भाकरी घेऊनच, माझ्यासमोर बसून दोन्ही बाजूंनी बारीक चावून खाल्ली, निम्मी मला दिली.

*

मी डावखुरी, सेकंड इयर. आमच्याकडच्या सगळ्या खुर्च्या उजव्या हाताच्या हिशेबानं लावलेल्या, ट्रे पलीकडं, सक्शनची नळी ओढून घ्यावी लागते. पुढच्या वर्षी पोस्टिंग आहे. कोणी डावखुरे डॉक्टर वाचत असतील तर प्लीज लिहा, ब्लॉक देताना उभं कुठं राहायचं?