गॅसचा दाब कोळसा फोडतो की भेगा बुजवतो?

वास्कोकर काका:
गोव्यात कोळसा निघत नाही, मुरगाव बंदरात जहाजाने येतो. म्हणून इथे कोळशाचा विषय निघाला की गाडी धुळीवरच थांबते. माझी उमेदीची वर्षं झरियाच्या खाणीत गेली, तेव्हा आतली गोष्ट काढतो. वरच्या खडकाचा भार भेगा मिटवायला बघतो, भेगांतला गॅस त्यांना आतून रेटतो. गॅसचा दाब जितका जास्त, तितका तो भार हलका. भेगा उघडतात, कोळसा कमकुवत होऊन नव्या पडतात, पारगम्यता, म्हणजे गॅस आरपार वाहू देण्याची क्षमता, वाढते. यात वाद कसला?

म्हापशेकरीण:
वाद आहे, काका. कोळशातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो बहुतेक भेगांत मोकळा नसतोच, सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून असतो. दाब वाढला की आणखी चिकटतो आणि कोळसा फुगतो. आमचं फणसाचं दार जूनमध्ये फुगून चौकटीत अडकतं ना, तसं. फट बुजते, पारगम्यता घटते. कार्बन डायऑक्साइड तर मिथेनपेक्षा जास्त फुगवतो. अमेरिकेत सॅन वान खोऱ्यातल्या एका प्रकल्पात १९९५ पासून तो कोळशात सोडला, तर विहिरी तो घ्यायलाच कुरकुरू लागल्या.

वास्कोकर काका:
अगो बाय, दार अडकतं ते चौकट आहे म्हणून! खाणीत आम्ही तीच काढतो. कोळसा खणला की एक बाजू उघडी पडते. मग आतला दाब कधीकधी कोळशाचा भुगा करून गॅससकट अंगावर फेकतो. तिथे तुझं फुगणं काय करणार?

डिचोलीचा:
आमच्या लोहखनिजाच्या खाणी आभाळाखाली उघड्या, हे गॅस प्रकरण आम्हाला नवीन. पण खणण्याआधी भोकं पाडून गॅस काढून घेतला तर? काकांच्या हिशोबाने भेगा मिटणार, ताईंच्या हिशोबाने उघडणार. एक काय ते सांगा.

म्हापशेकरीण:
एक नाही सांगता येत. दाब उतरला की आधी खडकाचा भार भेगा दाबतो. पुढे चिकटलेला गॅस सुटू लागला की कोळसा आकसतो, भेगा रुंदावतात. सॅन वानमध्येच गॅस काढता काढता पारगम्यता वाढलेली दिसली. कोळसा मऊ असेल तर दबण्याचं पारडं जड, आणि मग काकांचं खरं होऊ शकतं.

वास्कोकर काका:
आकसणं मान्य. पण फुटणं माझंच. गॅस आत असताना त्या दारापुढे मी उभा राहणार नाही, तूही राहू नकोस.