मदत हवी आहे : लांबलेल्या गॅमा स्फोटाखालचं बॅकग्राउंड कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,
मी नाशिकला एमएस्सी भौतिकशास्त्र करतेय. प्रकल्पासाठी फर्मी उपग्रहाच्या जीबीएमचा (अवकाशातले गॅमा किरणांचे स्फोट टिपणारं उपकरण) डेटा घेतलाय. इथे या विषयातलं ओळखीचं कोणी नाही, आणि पुण्याला आयुकात कोणाला भेटण्याआधी माझी बाजू पक्की करायची आहे.

छोट्या स्फोटांना अडचण येत नाही. आधीचा आणि नंतरचा शांत भाग घ्यायचा, त्यावरून बहुपदी बसवून स्फोट नसताना येणाऱ्या नोंदींचा (बॅकग्राउंडचा) अंदाज काढायचा, तो वजा करायचा. हा स्फोट मात्र वीसेक मिनिटं चाललाय. फर्मीची फेरीच साधारण ९६ मिनिटांची, त्यामुळे तेवढ्यात डिटेक्टरसमोरची पृथ्वी सरकते, चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि स्फोट नसला तरी काउंट (डिटेक्टरने मोजलेल्या नोंदी) वरखाली होतात. त्यात यान नुकतंच दक्षिण अटलांटिक विसंगतीतून (पृथ्वीभोवतीचे भारित कण जिथे जास्त खाली येतात तो पट्टा) बाहेर पडलंय. तिथल्या कणांच्या माऱ्याने डिटेक्टरमधले सोडियम आयोडाइडचे स्फटिक स्वतःच किरणोत्सारी होतात. त्यात तयार होणाऱ्या आयोडीन-१२८ चं अर्धायुष्य २५ मिनिटं, म्हणजे जवळपास माझ्या स्फोटाइतकंच! उतरती शेपटी स्फोटाची की स्फटिकाची, तेच कळत नाही. दुसऱ्या घाताची बहुपदी घेतली की शेपटी दिसते, तिसऱ्या घाताला गायब होते. स्फोटाची एकूण ऊर्जा यावरच ठरणार आहे, तेव्हा मनाला येईल तो घात कसा निवडू?

बहुपदी सोडून इतर फेऱ्यांची सरासरी घेतली तर चालेल का? स्फोट २०१८ च्या आधीचा आहे.

प्रतिसाद :
चालेल, तेच करा. १५ फेऱ्यांनी, म्हणजे दिवसाभराने, यान जवळपास त्याच जागी येतं. पण २०१८ च्या आधी ते एका फेरीत उत्तरेला आणि पुढच्या फेरीत दक्षिणेला कलायचं, म्हणून ३० फेऱ्या आधीचा आणि ३० फेऱ्या नंतरचा डेटा घ्या. विसंगतीतून जाणंही तसंच झालेलं असतं, त्यामुळे स्फटिकाची शेपटी बरीचशी आपोआप वजा होते. (मार्च २०१८ मध्ये सौरपॅनेल अडकलं आणि कलण्याचा क्रम बदलला, त्यानंतरच्या डेटाला हा हिशेब लावू नका.)

आधी एक बघून घ्या. मोठा स्फोट दिसला की फर्मी कधीकधी आपणहून तोंड वळवतं. तसं झालं असेल तर ही सरासरी जुळणार नाही.

मग स्फोट नसलेला एखादा दिवस घेऊन तेवढीच वीस मिनिटं याच पद्धतीने काढून पाहा. उरलेला फरक हीच तुमची खरी त्रुटी. प्रत्येक ऊर्जापट्ट्यासाठी ती वेगळी काढा, आणि स्पेक्ट्रम बसवताना पीजीस्टॅट (काउंट पॉयसन आणि बॅकग्राउंडची त्रुटी गाउसियन धरून जुळणी तपासणारं मोजमाप) वापरा.