घरी वापरायच्या ईसीजी रेकॉर्डरसाठी तारेची जोडणी कोणती घ्यावी?

ब्रेडबोर्ड (प्रश्न):
नमस्कार. छातीला इलेक्ट्रोड लावून चोवीस तास ईसीजी नोंदवणारा, बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर आम्ही तयार करत आहोत. रुग्ण तो घरी वापरेल आणि दुसऱ्या दिवशी नोंद घरच्याच लॅपटॉपवर उतरवून डॉक्टरांकडे पाठवेल. तीन चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला २५० नमुने आणि नमुन्यामागे दोन बाइट, या हिशेबाने दिवसाची नोंद सुमारे १३० एमबी होते. ब्लूटूथ मध्येच तुटण्याच्या कटकटीला कंटाळून आम्ही तारेकडे वळलो आहोत. सीरियल (एकामागून एक बिट पाठवणारी साधी जोडणी), एचआयडी (कीबोर्ड-माउस ज्या पद्धतीने जोडतात ती) आणि पेनड्राइव्हसारखे मास स्टोरेज यांपैकी काय घ्यावे, आणि वेगासाठी सेकंदाला ४८० मेगाबिटचे यूएसबी लागेल का?

मल्टीमीटर:
वेगाचे आधी सांगतो. ११५२०० बॉडच्या (म्हणजे सेकंदाला तितके बिट) सीरियल जोडणीवर सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार बाइट जातात, म्हणजे ही नोंद उतरायला तीन तासांहून अधिक वेळ लागेल. १२ मेगाबिटच्या फुल-स्पीड यूएसबीवर एचआयडी वापरले, तर एका एंडपॉइंटवरून (डेटा जाण्याच्या एका मार्गावरून) मिलिसेकंदाला जास्तीत जास्त ६४ बाइट जातात आणि काम साधारण ३४ मिनिटांवर येते. त्याच यूएसबीवर मास स्टोरेज ज्या बल्क (मोठ्या गठ्ठ्यांनी डेटा पाठवण्याच्या) पद्धतीने चालते, तिने दोन-तीन मिनिटे पुरतात. त्यामुळे ४८० मेगाबिटची गरज दिसत नाही.

मला काळजी वाटते ती अशी, की तार लावली जाईल तेव्हा इलेक्ट्रोड छातीवरच असतील का? चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की मुंग्या येतात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. तीच विजेची गळती यूएसबीच्या ग्राउंडमधून रुग्णापर्यंत पोहोचू शकते. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकाप्रमाणे रुग्णातून जाणाऱ्या गळतीची मर्यादा नेहमीच्या स्थितीत बीएफ प्रकाराला (शरीराला लागणारे, पण थेट हृदयाला जोडायचे नसलेले भाग) १०० मायक्रोअँपिअर, तर सीएफ प्रकाराला (थेट हृदयाला जोडता येणारे भाग) फक्त १० मायक्रोअँपिअर आहे. शिवाय २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यापासून रुग्णाला वाचवणारे दुहेरी विलगीकरण (विजेचा थेट संपर्क तोडणारा अडथळा) ४००० व्होल्टच्या चाचणीत टिकावे लागते. एडीयूएम४१६० सारखी आयसोलेटर चिप डेटाच्या रेषा विलग करते, पण ती १२ मेगाबिटपर्यंतच चालते, हे ४८० च्या मागे न लागण्याचे आणखी एक कारण. चार्जिंगही त्याच तारेतून होणार असेल, तर विलग डीसी-डीसी कन्व्हर्टर (थेट संपर्काशिवाय वीज पुढे देणारा भाग) वेगळा घालावा लागेल, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

जुना_जॅक:
एवढा खर्च टाळता येतो. इलेक्ट्रोडची तार आणि डेटाची तार एकाच यूएसबी-सी सॉकेटात बसेल असे करा. एक काढल्याशिवाय दुसरी लागणारच नाही.

मल्टीमीटर:
कल्पना चांगली आहे, पण सॉकेट यूएसबी-सी असेल तर इलेक्ट्रोडच्या तारेचे टोकही यूएसबी-सीच होईल, आणि घरातले कोणी तरी ती तार छातीला लावलेली असतानाच मोबाइलच्या चार्जरमध्ये खुपसेल. रुग्णाच्या तारेचे मोकळे टोक कुठल्याही विजेच्या जागी बसता कामा नये, अशी त्याच मानकाची अट आहे. त्यापेक्षा दोन वेगळी सॉकेटे ठेवून एक उघडले की दुसरे झाकले जाईल असे सरकते झाकण बसवावे. ते इतके पक्के हवे की आजोबांनी जोर लावला तरी दोन्ही तारा एकदम बसणार नाहीत.

कमांड_लाइन:
मी सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहिते. घरच्या माणसाला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम बसवायला लावू नये असे वाटत असेल, तर मास स्टोरेजला पर्याय नाही, परंतु ते केवळ वाचण्यापुरते उघडावे. तसे न केल्यास विंडोज स्वतःचे फोल्डर त्यात लिहिते, इजेक्ट न करता तार ओढली की फाइल बिघडू शकते आणि घरच्या संगणकातला व्हायरसही उपकरणात शिरतो. एमटीपी (मोबाइलमधल्या फाइल संगणकावर घेताना वापरतात ती पद्धत) या बाबतीत अधिक शहाणे आहे, पण मॅकवर ते आपोआप चालत नाही. नोंद एन्क्रिप्ट केलेली असावी, कारण रेकॉर्डर हरवला तर सापडणारा कोणीही ती फाइल उघडू शकेल.

एक अडचण उरतेच. ‘घरचा लॅपटॉप’ हा पुष्कळदा मुलाला कंपनीने दिलेला असतो आणि त्यावर पेनड्राइव्ह बंद केलेले असतात. एचआयडी सहसा अडवले जात नाही, पण मग प्रोग्रॅमही लागतो आणि ती ३४ मिनिटेही. मी अशा घरांसाठी मोबाइलचा मार्ग ठेवीन. अँड्रॉइड फोन यूएसबी होस्ट म्हणून (म्हणजे संगणकाच्या जागी) चालतात, आणि यूएसबी-सी असलेल्या आयफोनवर फाइल्स ॲपमधून मास स्टोरेज वाचता येते.

ब्रेडबोर्ड:
दोघांचेही आभार. फुल-स्पीड यूएसबी, केवळ वाचता येणारे मास स्टोरेज आणि सरकते झाकण, असे ठरवत आहोत. झाकण तुटले तर काय, या शंकेपोटी पहिल्या नमुन्यात आयसोलेटरही ठेवतो. आता मायक्रो-बी घ्यावे की यूएसबी-सी?

मल्टीमीटर:
यूएसबी-सी. तार जोडण्या-काढण्याचे आयुष्य दोन्हींचे १०,००० वेळांचेच धरलेले असते, पण म्हाताऱ्या माणसाला मायक्रो-बीची सुलटी बाजू शोधायला लावणे बरे नव्हे. दोन्ही सीसी पिनांवर (पलीकडे काय जोडले आहे ते ओळखण्यासाठी असलेल्या) ५.१ किलोओमचा स्वतंत्र रोधक घालायला विसरू नका, नाही तर दोन्ही टोकांना सी असलेल्या तारेने रेकॉर्डर चार्जच होणार नाही.