ए-फिबच्या रुग्णाला दहा मिनिटांत काय शिकवावं?

स्पंदन:
हृदयरोग ओपीडीत समुपदेशनाचं काम आहे. एट्रियल फिब्रिलेशनचं (ए-फिब, हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) नवं निदान झालेला रुग्ण डॉक्टरांकडून बाहेर आला की जेमतेम दहा मिनिटं मिळतात. पत्रक देतो, पण धडधड थांबली की बरेच जण रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्या भेटीत काय सांगावं आणि काय मागे ठेवावं? घरी नाडी-बीपी कसं मोजायला लावावं?

ठोका:
धडधड म्हणजेच आजार, ती गेली की आजार गेला, हाच रुग्णाचा समज असतो. म्हणून पहिली पाच मिनिटं एवढ्या एकाच गोष्टीला द्या. कागदावर हृदयाचे चार कप्पे काढा. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. डावीकडच्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त रेंगाळतं, साकळतं, आणि गुठळी सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. हा धोका वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, आधी आलेला मेंदूचा झटका (पक्षाघात) यांवरून ठरतो; धडधड किती होते यावरून नाही. अ‍ॅब्लेशन (अनियमित ठोके निर्माण करणारा हृदयातला भाग निकामी करण्याची प्रक्रिया) झाल्यावरही हेच लागू.

मग त्यांच्याच गोळ्या टेबलावर ठेवून दोन वाटे करा. एक ठोक्यांचा वेग आवरणारा, दुसरा गुठळी रोखणारा, म्हणजे रक्त पातळ करणारा. दुसऱ्या पाकिटावर पेनाने ‘गुठळी’ असं लिहून द्या. आणि हे स्पष्ट सांगा: ‘या गोळीने बरं वाटायला लागेल असं नाही, आणि बंद केली तर काही जाणवणारही नाही.’

शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, सगळेच मान डोलावतात. ‘ही गोळी कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं तर काय सांगाल?’ असं विचारा. उत्तरात ‘धडधडीसाठी’ आलं तर चित्रापासून पुन्हा सुरुवात.

औषधखिडकी:
वरच्याला जोड. रक्त पातळ करणाऱ्या प्रत्येक गोळीच्या सूचना वेगळ्या असतात, सगळ्यांना एकच पत्रक देऊ नका. रिव्हारोक्साबॅन जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही (जास्त औषध अंगात जाऊन रक्तस्राव होऊ शकतो), आणि ती मूळ पाकिटातच ठेवायची, कारण ओलाव्याने खराब होते. आठवड्याच्या डबीत ती भरून ठेवणारे नेहमी भेटतात.

डोस चुकला तर? अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान अशा दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांना ६ तास, एकदाच घ्यायच्या रिव्हारोक्साबॅनला १२ तास. तेवढ्यात आठवलं तर घ्यावी, नाहीतर सोडून पुढची वेळेवर. दुप्पट कधीच नाही. वॉरफरिनवाल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) बहुतेकांत २ ते ३ हवा. पालेभाजी बंद करायला लावू नका, प्रमाण रोज सारखं ठेवायला सांगा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर थांबवायची नाही, आधी विचारायचं.

ठोका:
मोजण्याबद्दल: १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, ठोके अनियमित असतात. पूर्ण ६० सेकंद मोजायला शिकवा. तरीही मनगटावरचा आकडा कमी येऊ शकतो, कारण अशक्त ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. बीपी बसून, मिनिटाच्या अंतराने तीनदा, आणि सरासरी वहीत. एकाच आकड्यावर घाबरून फोन करणारे यानेच कमी होतात.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही मेंदूच्या झटक्याची लक्षणं; यातलं एकही दिसलं की वाट न पाहता रुग्णालय. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून न्यायची, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. हे घरच्यांना समोर बसवून सांगा, झटका आलेल्याला स्वतःला बऱ्याचदा कळत नाही.

वजन, दारू आणि घोरणं दुसऱ्या भेटीला ठेवा, पण टाळू नका. झोपेत श्वास अडकत असेल आणि त्यावर उपचार झाले नाहीत, तर ए-फिब पुन्हा पुन्हा उलटतं. त्याबद्दल रुग्णाला नव्हे, शेजारी झोपणाऱ्याला विचारा.